कोकणातून हरिश्चंद्रगड: नळीची वाट करावी का?

बारा_डबा:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात हरिश्चंद्रगडाचं घाटतंय. आम्ही पाच जण, सगळे लोअर परळला एकाच ऑफिसात. सर्वात लहान सत्तावीसचा, सर्वात मोठा एकोणपन्नासचा. पाचनईने आणि तोलारखिंडीतून गड आमच्यातल्या बहुतेकांचा झालाय. आता एकाने नळीच्या वाटेचा, म्हणजे पायथ्याच्या बेलपाडा गावातून घळीने थेट कोकणकड्याच्या (गडाचा कोकणाकडचा उभा कडा) माथ्यावर चढायच्या वाटेचा, हट्ट धरलाय. कुणाचा तरी ड्रोनवाला व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून डबा खाताना दुसरा विषय नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल. आठवडाभर एसीत बसायचं आणि शनिवारी बेलपाड्यातून नळीत घुसायचं, हे आमच्यासारख्यांचं काम नाही. दिवसभर धोंड्यांवरून हातापायांनी चढायचं, अंधार पडता पडता वर पोचायचं, आणि मग कोकणकडा बघायचं त्राणच नाही. त्यापेक्षा नाणेघाट नाहीतर आहुपे घाट धरावा. कोकणातून देशावर चढल्याचं समाधान तेवढंच. पण ग्रुपात मी एकटा एकीकडे आणि चौघं दुसरीकडे. ज्यांनी नळी केलीय त्यांनी खरं सांगा, वेळ किती लागतो, दोर लागतो का, आणि एकोणपन्नास वर्षांच्या गुडघ्याला झेपेल का? (गुडघा माझाच आहे.)

उगाचच:
गुडघ्याचा फोटो टाका, मग सांगतो.

पदरवाट:
बेलपाड्यातून कोकणकड्याच्या माथ्यावर पोचायला सवयीच्या माणसांना सात ते नऊ तास धरा. त्यातला पहिला दीड-दोन तास शेतं, रान आणि ओढ्याचं पात्र. चुकायला होतं ते इथेच, कारण गुरांच्या वाटा खूप फुटतात. एकदा नळीत शिरलात की वाट शोधायची भानगड नाही. दोन्ही बाजूंना कडे, समोर धोंड्यांचा ढीग, वर जायचं.

त्रास दोन गोष्टींचा. एक, सुटे दगड. दोन, मधले कातळटप्पे. टप्पे फार कठीण नाहीत, ज्याने थोडंफार प्रस्तरारोहण केलंय तो सहज जातो. पण पाठीवर तंबूसकट सॅक, पोटऱ्या भरलेल्या आणि खाली बघितलं की दृष्टिभय (खोल दरी बघून वाटणारी भीती), अशा वेळी तोच टप्पा वेगळा दिसतो. वरच्या बाजूला नळी सोडून आडवं जावं लागतं, तिथला घसारा (सुटी माती-मुरूम असलेला उतार) तर बूट चांगले असूनही पाय ठरू देत नाही. म्हणून दोर हवाच, आणि दोराबरोबर बीले देता येणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळून त्याला पडू न देणारा, माणूस हवा. दोर आहे पण गाठ कुणालाच येत नाही, असे ग्रुप दर मोसमात दिसतात.

आणि हेल्मेट. हे मी दोराच्याही वर ठेवीन. पुढच्याच्या बुटाखालून सुटलेला नारळाएवढा दगड नळीत कुठे जाणार? खालीच येणार. बाजूला व्हायला जागा नसते.

मुलुंडचा मामा:
बारा_डबा, तुमचा निष्कर्ष बरोबर असेलही, कारण चुकीचं आहे. वर पोचल्यावर त्राण उरत नाही कारण मुंबईकर उशिरा निघतो.

कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला. त्यामुळे सकाळभर कडा आणि त्याच्या कुशीतली नळी सावलीत असते. दुपार कलली की ऊन समोरून येतं, कातळ तापतो आणि आधाराला हात ठेवला की चटका बसतो. उजाडता उजाडता गाव सोडलं तर निम्म्याहून जास्त चढ सावलीत होतो. आपली मंडळी काय करतात? शनिवारी पहिली लोकल, कल्याणला चहा, मुरबाडला मिसळ, सावर्ण्याला फोटो, आणि दहा वाजता बेलपाड्यात 'किती वेळ लागेल हो?' दहाला नळीकडे निघालेल्याला मी आल्या पावली परत पाठवीन.

शुक्रवारी रात्री बेलपाड्यात मुक्कामाला पोचता येत असेल तरच नळी. नाही तर विषय संपला. गुडघ्याचं म्हणाल तर तो चढताना गप्प असतो, उतरताना बोलतो. नळी उतरायची नाहीये. उतराई कुठून करणार ते लिहिलंच नाहीत तुम्ही.

रानजाई:
मामांचं ऊन-सावलीचं गणित पटलं. पण धाग्याचा सूर असा का आहे की पाचनई म्हणजे कमीपणा?

मी आईला पाचनईने घेऊन गेले होते. आई साठीची, रोज फार तर ठाण्याच्या तलावपाळीला एक फेरी. अडीच-तीन तासांत निवांत वर. वाटेत त्या पुढे झुकलेल्या कातळाखालून जाताना ती प्रत्येक ओलीवर हात ठेवून बघत होती, पाणी कुठून झिरपतंय म्हणून. वर पुष्करणीवर डबा उघडला. मग केदारेश्वरच्या गुहेत. चार खांबांपैकी एकच उभा आहे, मधे भलंथोरलं शिवलिंग आणि भोवती कमरेएवढं पाणी. आईने साडी वर खोचून एक पाय पाण्यात घातला, 'अगं बाई!' म्हणून लगेच बाहेर काढला, आणि मग हट्टाने प्रदक्षिणा पूर्ण केलीच. दात वाजत होते तिचे. दुपार अख्खी कोकणकड्यावर काढली. पोटावर झोपून सरपटत कडेपर्यंत जायचं, डोकं बाहेर काढायचं, खालून येणारा वारा तोंडावर घ्यायचा.

नळीने आलेला एक ग्रुप त्याच वेळी वर पोचला. कड्यावर दहा मिनिटं थांबले, सेल्फी काढले आणि मॅगीच्या टपरीकडे पळाले. कडा कुणी जास्त पाहिला?

उगाचच:
कोकणकड्यावरून खाली टाकलेली हलकी वस्तू वाऱ्याने परत वर येते म्हणतात. वेफर्सची पाकिटं याच गुणामुळे चिरंजीव झाली आहेत.

पिठलं_भाकर:
हसण्यावारी नेऊ नका. सलग सुट्ट्या आल्या की कड्यावर तंबूंची वसाहत, दोन-तीन स्पीकर, आणि सकाळी मागे उरलेला कचरा गावातली पोरं गोळा करतात. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. पण अभयारण्य म्हणजे काय, हे पावती फाडून आत आलेल्यांना सांगावं लागतं.

तरी वरच्या टपऱ्यांवर माझा राग नाही. पाचनईच्या बायका दळण डोक्यावर घेऊन वर येतात. चुलीवरचं पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा. 'वर सगळं महाग मिळतं' म्हणणाऱ्याने एकदा दहा किलो पीठ घेऊन चढून दाखवावं.

कातळवेडा:
पदरवाट यांनी सुट्या दगडांचं लिहिलंय त्यात थोडी भर. अख्खा सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सगळे थर एका जातीचे नाहीत. काही घट्ट, टणक बेसाल्ट, काही सच्छिद्र आणि ठिसूळ, आणि दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. ठिसूळ थर आधी झिजतो. तो झिजून मागे सरकला की वरचा टणक थर छपरासारखा पुढे राहतो. रानजाईंच्या आईंनी हात लावला तो कातळ असाच. पाणी टणक थरातल्या भेगांतून उतरतं आणि खालच्या थराशी अडलं की आडवं बाहेर पडतं.

टणक कातळाला उभ्या भेगा असतात. पावसाचं पाणी भेगेत शिरतं, ती रुंदावते, घळ होते, घळीची नळी होते. नळीतला प्रत्येक धोंडा वरून कुठून तरी निखळलेला आहे आणि पुढच्या पावसात आणखी खाली जाणार आहे. म्हणून मागच्या वर्षी घट्ट असलेला दगड यंदा घट्ट असेलच असं नाही. पावसाळ्यानंतर लगेच, ऑक्टोबरात, नळीत शिरायची घाई करू नये ती याचसाठी. सगळं नुकतंच हललेलं असतं.

नवखी_पायवाट:
खूप माहितीपूर्ण धागा. एक बाळबोध प्रश्न, ते इंद्रवज्र नक्की कधी दिसतं? मी दोनदा गेले, दोन्ही वेळा नुसतं धुकं.

कातळवेडा:
सूर्य पाठीशी आणि समोर दरीत धुकं, असा योग लागतो. कडा पश्चिमेकडे बघतो, म्हणजे सकाळी. धुकं कड्याच्या खाली हवं, तुम्ही स्वतःच धुक्यात असाल तर काही दिसणार नाही. पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपली सावली. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली इथे पाहिल्याची नोंद सगळीकडे सांगतात. पावसाळ्याच्या शेवटी शक्यता जास्त. बाकी नशीब.

मुलुंडचा मामा:
आणि गंमत म्हणजे प्रत्येकाला मधे आपलीच सावली दिसते. शेजारी उभ्या असलेल्याला त्याची.

उगाचच:
म्हणजे ग्रुप फोटोसारखंच. सगळे स्वतःलाच बघतात.

मुरबाडकर:
मी सहसा लिहीत नाही, वाचतो. पण बेलपाडा आमच्या तालुक्यात, म्हणून लिहितो.

मुंबईचे ग्रुप येतात, मोबाइलवर ट्रॅक टाकलेला असतो, गावात कुणाला न विचारता सरळ निघतात. रात्री नऊला गावातल्या पोराचा फोन वाजतो, 'दादा, वर बॅटऱ्या दिसतायत, कुणीतरी अडकलंय.' मग तीच पोरं दिवसभर शेतात राबून आलेली, चपला घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन वर. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचे लोक चांगलं काम करतात, फोन गेला की जवळचे गिर्यारोहक निघतात. पण ते कल्याण-ठाणे-पुण्याहून पोचेपर्यंत पहिले काही तास गाववालेच असतात.

तुम्ही पाच जण आहात. एक वाटाड्या घ्या. आधी फोन करून ठरवा, पैसे आधी बोला, आणि त्याला फक्त नळीच्या तोंडापर्यंत नको, कड्यापर्यंत न्या. त्याची परत यायची सोय काय तेही विचारा. तो वरून एकटा उतरणार असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

पाण्याचं सांगतो. डिसेंबरात ओढ्याला खालच्या बाजूला पाणी असतं, नळीत धरून चालू नका. माणशी चार लिटर गावातूनच.

ट्रॅकलॉग:
मुरबाडकर, आदर राखून असहमत. चांगल्या माणसाने नोंदवलेला जीपीएक्स ट्रॅक (मोबाइलच्या जीपीएसवर टिपलेली वाट) असेल, नकाशा वाचता येत असेल, तर सह्याद्रीतल्या बहुतेक वाटा वाटाड्याशिवाय होतात. आम्ही वर्षानुवर्षं करतोय. सगळीकडे माणूस घ्यायचा तर वाट शोधण्यातली मजा काय?

मुरबाडकर:
तुम्हाला जमतं, मान्य. पण नळीत दोन्ही बाजूंना एवढे उंच कडे असतात की मोबाइलला आकाशच कमी दिसतं. टिंब शंभर फूट इकडेतिकडे उड्या मारतं. शंभर फूट म्हणजे बाजूची दुसरी नाळ. शेजारीच माकडनाळ आहे, ती बिनदोराच्या माणसाची नव्हेच. चुकून तिकडे घुसलात तर वर जाता येणार नाही आणि खाली उतरायची छाती होणार नाही.

ट्रॅकलॉग:
हा मुद्दा रास्त. नळीपुरता मान्य.

पदरवाट:
दोघांचंही बरोबर आहे. ट्रॅक रानातल्या फाट्यांसाठी, माणूस नळीसाठी. माझा आक्षेप तिसऱ्याच प्रकाराला आहे. पैसे भरून नेणारे ग्रुप. एकदा कातळटप्प्याखाली आमच्यापुढे असाच एक ग्रुप होता, संस्थेचं नाव घेत नाही. पन्नासच्या आसपास माणसं, एक दोर, एकच जण दोर लावणारा. शेवटचा माणूस वर जाईपर्यंत आम्ही अडीच तास उन्हात बसलो. आमचं सकाळी लवकर निघणं वाया. म्हणून मामांच्या 'शुक्रवारी पोचा' मध्ये एक भर घालतो, शक्यतो शनिवार टाळा. रजा टाकून मधल्या वारी जा.

रानजाई:
लोअर परळच्या ऑफिसात मधल्या वारी पाच जणांना एकदम रजा! नळी सोपी आहे त्यापेक्षा.

सिडनीचा सदू:
हा धागा वाचून पोटात कालवलं. आमच्या वेळी शेवटची कसारा लोकल म्हणजे अर्धी डोंगरातल्या लोकांनी भरलेली. सॅक रॅकवर, पोरं दारात, कसाऱ्याला उतरून फलाटावरच आडवं व्हायचं आणि पहाटे मिळेल त्या जीपने घोटी, राजूर. ना ट्रॅक, ना मोबाइल. कुठे चुकलो नाही. आताच्या पोरांना सगळं हातात पाहिजे.

मुलुंडचा मामा:
सदू, कसं चुकणार? आपण सगळे पाचनईनेच जायचो, आणि वाटेवर गुराखी असायचे विचारायला.

उगाचच:
त्या काळात चुकलेले लोक इथे प्रतिसाद द्यायला राहिले नाहीत, अशीही एक शक्यता आहे. (हलके घ्या.)

चिंचपोकळी_स्लो:
अवांतर: कसाऱ्यावरून आठवलं. सह्याद्री ते मुंबई या वाटेचा सगळ्यात भारी ट्रेक एका बिबट्याने केलाय. २००९ साली नगरकडच्या एका विहिरीतून काढलेला, गळ्यात रेडिओ कॉलर बांधून माळशेज घाटात सोडलेला. अभ्यासकांनी त्याला 'आजोबा' म्हणायला सुरुवात केली. पठ्ठ्या महिन्याभरात सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात हजर. वाटेत मुंबई-आग्रा महामार्ग, कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ आणि शेवटी वसईची खाडी पोहून.

उगाचच:
तिकीट न काढता. आणि गुडघ्याची तक्रार नाही.

चिंचपोकळी_स्लो:
शेवट वाईट झाला पण. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीखाली आला. आपल्याला रस्ता ओलांडायला पूल तरी असतो.

बारा_डबा:
धन्यवाद मंडळी. सगळं वाचून ग्रुपला पाठवलं. परिणाम उलटा झाला, 'हेल्मेट लागतं म्हणजे भारीच असणार' म्हणून हट्टी माणूस जास्तच चेकाळला. मामांनी उतराईचं विचारलं होतं. आमचा विचार पाचनईने उतरायचा, सोपं म्हणून. बेलपाड्यापर्यंत दोन गाड्या नेणार.

आणि माझ्या मूळ मुद्द्याला कुणीच हात घातला नाही. नाणेघाट का नको?

मुरबाडकर:
गाड्या बेलपाड्यात आणि तुम्ही पाचनईला? पाचनई डोंगराच्या पार पलीकडे. उतरून राजूर, तिथून पुढे घोटी-इगतपुरी. गाड्या आणायला कोण येणार परत?

मुलुंडचा मामा:
हेच म्हणत होतो. मुंबईकराची वाट डोंगर ठरवत नाही, परतीची एसटी ठरवते. गाडी नको. शुक्रवारी ऑफिसातून निघून कल्याण, तिथून माळशेजकडे जाणारी आळेफाट्याची, नगरची, जी मिळेल ती एसटी. रात्री उशीर झाला तर कल्याणहून जीप ठरवा. सावर्ण्याहून बेलपाडा आत. रविवारी तोलारखिंडीने खिरेश्वरला उतरा, पिंपळगाव जोगे धरणाच्या कडेने खुबी फाटा, आणि हात दाखवून कल्याणची गाडी. तोलारखिंडीच्या वरचा कातळ रेलिंग लावल्यापासून सोपा झालाय. गुडघ्याला तिथे हाताचा आधार मिळतो.

फक्त मंदिराकडून तोलारखिंडीपर्यंतचं पठार अंगावर येतं. टेकडी चढा, उतरा, पुन्हा चढा. धुकं असेल तर तिथे भलेभले भरकटतात. खिंडीत वाघाचं जुनं शिल्प आहे, ते दिसलं की सुटलात.

ट्रॅकलॉग:
गाडी न्यायचीच असेल तर साधले घाटाने परत बेलपाड्यात उतरता येतं. पण तो लांबचा आहे आणि वापर कमी, तिथे माझा जीपीएक्ससुद्धा माणूस घ्या म्हणतो. :)

कातळवेडा:
नाणेघाटाबद्दल बारा_डबांची बाजू घेतो. वैशाखऱ्याच्या पुढे हमरस्त्यावरच उतरायचं, दोन-अडीच तासांत वर. वाट मळलेली, वरच्या बाजूला दगडी पायऱ्या. आणि शेवटी गुहेत जे आहे ते हरिश्चंद्रगडावर नाही. सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख, दोन हजार वर्षांहून जुना, कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा किती दिली याची यादी. त्यातले आकडे तर भारतातल्या सर्वात जुन्या कोरीव आकड्यांपैकी. सोपारा-कल्याणच्या बंदरांवर उतरलेला माल याच खिंडीतून जुन्नरकडे जायचा. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून तिथेच आहे. वर पोचून जीवधन किल्ला समोर बघत बसा, वेळ असेल तर चढा.

पदरवाट:
नाणेघाट सुंदरच, पण समाधान 'तेवढंच' नाही हो. नाणेघाट ही व्यापाराची वाट, बैल-घोडी यायची म्हणून बांधलेली. नळी कुणी कशासाठी बांधलेली नाही. दोन्हींची तुलना करण्यात अर्थ नाही. ज्याला अंग झोकून चढायचंय त्याला नाणेघाट देऊन भागणार नाही.

आहुपे मात्र मधला मार्ग आहे. खोपिवलीतून चढायचं, गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके बाजूला, जुनी फरसबंदी मधेमधे शिल्लक, चढ दमवणारा पण धोका नाही. वर आहुप्याला कड्यावर बसलात तर कोकणकड्याची आठवण येणार नाही असं नाही, पण गर्दी नसते.

मुरबाडकर:
खोपिवलीला जायचं तर म्हसामार्गे. पौषी पौर्णिमेच्या आसपास जाऊ नका, म्हशाची जत्रा असते, बैलबाजार भरतो, गाडी हलत नाही. किंवा तेव्हाच जा आणि डोंगर सोडून जत्राच बघा. घोंगडी घ्या.

पिठलं_भाकर:
कळसूबाईचं नाव कुणी कसं काढलं नाही? १६४६ मीटर, महाराष्ट्राचं छप्पर!

रानजाई:
कारण शनिवारी त्या शिड्यांवर दादरच्या पुलासारखी रांग असते.

नवखी_पायवाट:
मधमाश्यांचं कुणी लिहिलं नाही. मागे एका गडावर आमच्या पुढच्या लोकांवर आग्या मोहोळ उठलं होतं, अजून अंगावर काटा येतो.

पदरवाट:
बरं केलंत. कोकणकड्याच्या बाजूला कातळावर मोहोळं असतात. अत्तर-डिओ नको, विडी-सिगारेट नको, नळीत चूल पेटवायची नाही, ओरडाआरडा नको. दगड पडला तर मात्र ओरडायचंच. आणि माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका, डोकं-तोंड झाकून तिथून लांब व्हा. कातळटप्प्यावर असाल तर पळता येत नाही, म्हणूनच आधी काळजी.

बारा_डबा:
ठरलं एकदाचं. मामांचा 'शुक्रवारी पोचता येत असेल तरच' हा मुद्दा ग्रुपात टाकला. पाचपैकी दोघांची शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकेबरोबर मीटिंग असते, ती दहाला संपते. त्यातला एक तो हट्टी माणूस. त्यामुळे त्यानेच स्वतः डिसेंबरची नळी रद्द केली.

आता असं आहे, नोव्हेंबरात नाणेघाट, सगळ्यांनी पूर्ण वजनाच्या सॅका घेऊन. त्यात कुणाचा काय वेग आहे ते कळेल. डिसेंबरात आहुपे. जानेवारीत २६ तारखेला जोडून रजा टाकून नळी, बेलपाड्यातला वाटाड्या घेऊन, खिरेश्वरला उतराई. तोवर पदरवाट यांनी सांगितलेल्या गाठी शिकायच्या आहेत. ठाण्यात कुठे शिकवतात का?

रानजाई:
२६ जानेवारीला नळीत? पदरवाट, ते पन्नास जण आठवतायत ना?

पदरवाट:
आठवतायत. बारा_डबा, २६ सोडा, त्याच्या आदल्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार घ्या. गाठींसाठी मुंब्र्याच्या कातळांवर रविवारी सकाळी क्लाइंबिंगवाले असतात, तिथे या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. हार्नेस माझ्याकडचा चालेल, हेल्मेट तुमचं तुम्ही विकत घ्या.

मुलुंडचा मामा:
रविवारी मीपण येईन म्हणतो. मुंब्र्याला हं. नळीचं नंतर बघू.

उगाचच:
मामा, शुक्रवारी रात्रीच मुंब्र्यात पोचा. नाहीतर ऊन लागेल.

मुलुंडचा मामा:
गप रे.